एकांकिकेत अनुबिस आणायचाय: मुखवटा, तराजू, आणि मुळात हा देव करतो काय?

विंगेतला

ऑगस्टमधल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसतेय. गुलटेकडीच्या मार्केटयार्डातला एक भुसार व्यापारी मरतो आणि वरच्या कारकुनी घोळात यमाकडे जायच्याऐवजी थेट प्राचीन इजिप्तच्या दरबारात हजर होतो. शेवटची बारा मिनिटं तिथली. पात्रं पाच: कोल्हेतोंड्या अनुबिस, लिहिणारा देव थॉथ, ओसायरिस, मेलेल्यांना गिळणारी अम्मित आणि आमचा शेठ.

लेखकाने माल सगळा सिनेमे आणि गेममधून उचललाय. संहितेत सध्या असं आहे: अनुबिस हाच न्यायाधीश आणि मेलेल्यांचा राजा. तराजूत त्याचं काळीज पिसापेक्षा हलकं निघालं तर सुटका. पापी निघाला तर शेणकिड्यांची झुंड त्याला सोलून खाते. अधूनमधून सेथ हा देव येऊन खलनायकी हसतो. शिवाय लेखकाचं म्हणणं, प्रेक्षकाला पटकन कळावं म्हणून अनुबिस म्हणजे यम आणि थॉथ म्हणजे चित्रगुप्त असं सरळ बोलून टाकू.

१) यातलं काय ठेवावं, काय काढावं? परीक्षकांत कुणी जाणकार निघाला तर फजिती नको, पण रंगमंचावर व्याख्यानही नको.
२) मुखवटा असा हवा की आतून आवाज स्वच्छ येईल आणि नट विंगेला धडकणार नाही.
३) तराजू इशाऱ्यावर झुकला पाहिजे आणि पुन्हा समपातळीत आला पाहिजे.

मुखवटा, तराजू, कपडे सगळं मिळून सहा हजारांत.

गुंडाळीवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं हात चालवणारे सांगतील.

यम-चित्रगुप्ताची उपमा दोन मिनिटं चालेल, मग तीच तुमचं नाटक मारेल. चित्रगुप्त वही वाचतो आणि माणूस मान खाली घालून ऐकतो. इजिप्तमध्ये उलटं आहे. तिथे मेलेला माणूस स्वतः बोलतो. ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणून जे मंत्र ओळखले जातात, त्यातल्या १२५व्या मंत्रात तो बेचाळीस परीक्षक देवांपुढे एकेक गुन्हा नाकारत जातो: मी चोरी केली नाही, मी खोटं बोललो नाही, मी चोरून ऐकलं नाही. प्रत्येक परीक्षकाचं नाव घ्यायचं आणि मग नकार द्यायचा. नावंही अशी की ऐकूनच घाम फुटावा: ‘हाडं मोडणारा’, ‘सावल्या गिळणारा’, ‘रक्त खाणारा’.

आणि त्याच मंत्राच्या सुरुवातीला काय आहे बघा. मी तराजूच्या वजनात भर घातली नाही. मी काट्याशी खेळ केला नाही. मी वाहतं पाणी अडवलं नाही. मी लेकरांच्या तोंडचं दूध काढलं नाही. तुमचा शेठ भुसार व्यापारी आहे ना? ‘मी मापात पाप केलं नाही’ हे वाक्य तुम्हाला साडेतीन हजार वर्षांपूर्वीच लिहून मिळालंय, तेही मराठीत जसंच्या तसं बसणारं. पाण्याचं वाक्यही सोडू नका. पाटाची पाळी चुकवणारं पुण्याच्या आसपासचं कुठलंही गाव ते ऐकून हसेल.

खरा पेच पुढे आहे. तो हे सगळं नाकारत असताना पारड्यात त्याचंच काळीज ठेवलेलं असतं, आणि काळीज साक्ष देऊ शकतं. म्हणून ३०ब हा वेगळा मंत्र. त्यात माणूस स्वतःच्या काळजाला विनवतो: माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, तराजू राखणाऱ्यासमोर माझ्याशी वैर धरू नकोस. हा मंत्र दगडी शेणकिड्याच्या पोटावर कोरून ममीच्या छातीवर ठेवायचे. थोडक्यात, साक्षीदार फितूर होऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त.

म्हणून १९९९ च्या ‘द ममी’ सिनेमातले मांस खाणारे किडे काढा. तो किडा शेणाची गोळी ढकलत नेणारा साधा शेणातला भुंगा आहे. गोळी ढकलतो म्हणून सूर्य ढकलणाऱ्या खेप्री देवाचं रूप. माणूस-बिणूस खात नाही. तुमच्या नाटकात किडा हवाच असेल तर शेठच्या खिशात ठेवा. जिवंतपणी त्याने पैसे मोजून घेतलेला. सगळे नकार देऊन झाले की तो खिशातून काढून हळूच काळजाला चुप करायला बघतो. झुंडीपेक्षा हा एक किडा जास्त काम करेल.

आता पद. अनुबिस न्यायाधीश नाही आणि राजाही नाही. मृतांचा राजा ओसायरिस. अनुबिस प्रेत टिकवणारा, वाट दाखवणारा आणि तराजू तपासणारा. ब्रिटिश म्युझियममध्ये हुनेफर नावाच्या मृताची पपायरसची गुंडाळी आहे, इसवी सनापूर्वी सुमारे १२७५ ची. चित्रकथीसारखी डावीकडून उजवीकडे वाचायची. एकाच पट्टीत अनुबिस दोनदा येतो: आधी हुनेफरचा हात धरून आणतो, मग गुडघ्यावर बसून तराजूचा ओळंबा नीट करतो. गवंडी लावतो तोच ओळंबा. थॉथ उभा राहून निकाल लिहितो. मग ओसायरिसचा मुलगा होरस त्याला ओसायरिसपुढे नेतो. न्यायासन तिथे आहे. अनुबिस म्हणजे वजनमापे निरीक्षक. हे पद तुमच्या शेठला यमापेक्षा जास्त घाबरवेल.

‘हलकं काळीज’ हाही सिनेमा-गेमचा घोळ. पीस हे मातचं, म्हणजे सत्याचं आणि नीट चाललेल्या व्यवस्थेचं. काळीज त्याच्याशी बरोबर यायला हवं. दांडी समपातळीत थांबली की माणूस सुटला. त्याला मग ‘माअ-खेरू’ म्हणत, म्हणजे खऱ्या वाचेचा. निकालाचं वाक्य म्हणून ‘याची वाचा खरी’ एवढंच ठेवा, ‘निर्दोष मुक्तता’ नको.

आणि ‘हृदय’ शब्द टाळा. इजिप्तवाल्यांसाठी तो अवयव विचार आणि आठवण यांचं घर होता. प्रेत टिकवताना मेंदू काढून टाकत आणि काळीज आत ठेवत. ‘हृदय’ म्हटलं की आपल्याला लगेच कविता आठवते.

बोहाडा

मुखवट्याचं मी घेतो.

आधी काय करू नका ते. ऑगस्टात पुण्यात कागदाच्या लगद्याचा मोठा मुखवटा करू नका. पाच-सहा थर दिले की आतला ओलावा जायला दमट हवेत चार-पाच दिवस लागतात, तोवर वास आणि बुरशी. घाईने हेअर ड्रायर मारला की वरचा थर आधी आकसतो आणि नाक वाकडं होतं. आणि खळीत मोरचूद घालायची जुनी सवय असते, किडे लागू नयेत म्हणून. तोंडाशी बसणाऱ्या वस्तूत ते विष नको. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे, म्हणजे तिथल्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे लगद्याचे होतात ते ठीक, ते मोसम आणि ऊन बघून करतात.

तुम्ही ईव्हीए फोम (चपलेच्या तळासारखा) घ्या, चेहऱ्याला ५ मिमी. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास फोमशीट, जाळी, तार, गोंद सगळं एका फेरीत होतं.

साचा: ज्याने घालायचाय त्याच्याच डोक्याला क्लिंग फिल्म गुंडाळा, वरून मास्किंग टेपचे दोन थर. त्यावर पेनने मधली रेष, कानांच्या जागा, कपाळ आखा. मागून कापून काढा, सपाट करा, तोच कागदी नमुना. दुसऱ्याच्या डोक्यावर करू नका. दोन सेंटिमीटरच्या फरकानेही मुखवटा बोलताना हलतो.

बैठक: साइटवर वापरतात त्या हेल्मेटच्या आतला फिरवून आवळायचा पट्टा सुटा करा. मुखवटा त्या पट्ट्यावर बसवायचा, डोक्यावर नाही. मध्ये हवा खेळते, घाम कमी, आणि प्रवेशाआधी तीन सेकंदांत आवळता येतो.

आता मुख्य युक्ती, आणि ती माझी नाही, इजिप्तचीच आहे. जर्मनीत हिल्डेसहाइमच्या संग्रहालयात भाजलेल्या मातीचा अनुबिसचा मुखवटा आहे, वजन सुमारे ८ किलो. बघायची भोकं जनावराच्या डोळ्यांत नाहीत, खाली मानेपाशी आहेत. म्हणजे कोल्ह्याचं डोकं माणसाच्या चेहऱ्याच्या वर बसायचं. देंदेराच्या देवळात असा मुखवटा घातलेला पुजारी कोरलाय, आणि त्याला हाताला धरून चालवणारा दुसरा माणूसही कोरलाय. नट विंगेला धडकण्याचा प्रश्न तेव्हाही होताच.

तर कोल्ह्याचे डोळे नटाच्या डोळ्यांपेक्षा १० ते १२ सेमी वर ठेवा. नटाचा चेहरा येतो कोल्ह्याच्या केसांच्या टोपाच्या दोन पुढच्या पट्ट्यांच्या मध्ये, मानेच्या जागी. तिथे काळ्या जाळीचा एकच थर. दोन लावलेत तर आवाज अडतो आणि दिसणंही बंद. जाळीमागचा चेहरा काळा रंगवा, डोळ्यांभोवती आणि ओठांवर नीट. रंगवला नाही की समोरचा दिवा पडताक्षणी कोल्ह्याच्या गळ्यात तुमचा दोस्त दिसतो आणि पहिल्या रांगेत खसखस पिकते.

नाक कपाळापासून पुढे १६ ते १८ सेमी, खालून पूर्ण उघडं. वर सोडलेलं असल्याने दिसत नाही आणि वजन वाचतं. कान २० सेमी, दोन फोमच्या मध्ये २ मिमी अॅल्युमिनियमची तार. कान सुटे करता आले पाहिजेत, खोबणीत घालायचे. रिक्षातून नेताना आधी तेच मोडतात.

जोडणी: दोन्ही कडांना काँटॅक्ट गोंद, आठ-दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटत नाही पण ओढतो अशा अवस्थेत दाबायचं. ओलं असताना दाबलं तर तालमीत टिकतं आणि प्रयोगात दिव्यांच्या उष्णतेत शिवण उघडते. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, त्या गोंदाने डोकं धरतं. हॉट ग्लू फक्त आतल्या आधारांना.

रंग: फोमवर थेट रंग मारला तर तो पितो आणि वाकवल्यावर भेगा पडतात. आधी हॉट एअर गनने पृष्ठभाग हलका तापवा, थोडी चमक आली की थांबा. मग फेविकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. नंतर अॅक्रिलिक.

शुद्ध काळा मारू नका. मॅट काळा उजेड गिळतो आणि पंधराव्या रांगेतून डोक्याच्या जागी भोक दिसतं. निळसर काळा घ्या, नाकाची वरची कड, भुवया आणि गालाचं हाड यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी-निळा फिरवा. कानांच्या आतून सोनेरी. तुतानखामुनच्या थडग्यातल्या पेटीवर जो काळा अनुबिस बसलाय त्याच्याही कानांत सोनं आहे.

तोल: नाक पुढे आल्याने मान दहा मिनिटांत दुखते आणि नट नकळत डोकं मागे टाकतो. मग अनुबिस छताकडे बघत बोलतो. मागच्या केसांच्या टोपात, अगदी खाली, १०० ते १५० ग्रॅम वजन शिवा. माशाच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या चालतात, कापडात बंद करून. सगळं मिळून ८०० ग्रॅमच्या आत बसवा.

आणि दिग्दर्शकाला सांगा, गुडघ्यावर बसून ओळंबा बघताना अनुबिसला लांब संवाद नको. मान खाली गेली की आवाज छातीत जातो. ती वाक्यं थॉथला द्या, नाही तरी लिहायचं काम त्याचंच आहे.

विंगेतला

गुंडाळीवाले, शेठच्या खिशातला किडा लेखकाने तत्काळ उचलला. झुंड रद्द.

पण ‘अनुबिस काळा’ म्हणजे मृत्यू, अशुभ, हे तरी बरोबर ना? प्रकाशयोजनाकार लाल दिवा मागतोय.

गुंडाळीवाला

नाही. काळा म्हणजे नाईलच्या पुराने आणलेला गाळ, पेरणीची जमीन, पुन्हा उगवणं. आपल्याकडच्या काळ्या रानासारखं. टिकवलेल्या प्रेताचा रंगही काळपट होतो, तोही धागा आहे. अशुभाचा रंग तिथे लाल, वाळवंटाचा, आणि तो सेथच्या खात्यात. अनुबिसवर लाल टाकलात तर तुम्ही चुकीच्या देवाला दिवा लावताय.

ओसायरिस मात्र हिरवा. चेहरा-हात हिरवे, अंग पांढऱ्या गुंडाळीत, हातात आकडी आणि आसूड. सगळ्यात स्वस्त वेश हाच, मांजरपाटाच्या पट्ट्या आणि हिरवा पॅनकेक मेकअप. फक्त तो गुंडाळलेला असल्याने चालू शकत नाही. त्याला अंधारातच चौथऱ्यावर बसवून ठेवा आणि शेवटपर्यंत हलवू नका. न हलणारा राजा आपोआप भारी वाटतो.

सदाशिवपेठी उच्चार

नावांबद्दल कुणीच बोललं नाही, आणि प्रेक्षक हसणार तिथेच.

‘अम्मित’ रंगमंचावरून ‘अमित’ ऐकू येतं. पुण्याच्या प्रेक्षागृहात प्रत्येक रांगेत एक अमित असतो. ‘अम्मुत’ हाही चालणारा उच्चार आहे, तो घ्या, किंवा अर्थच वापरा: मेलेल्यांना गिळणारी. पुढे मगर, मध्ये सिंह, मागे पाणघोडा.

‘मात’ म्हटलं की बुद्धिबळ. ‘मा-अत’ असं तोडून म्हणायला लावा, मधला झटका स्पष्ट हवा.

ओसायरिसची बायको इसिस आणणार असाल तर ते नाव तर मुळीच नको, कारण सांगायला नको. तिचं इजिप्तचं नाव ‘असेत’ असं घेतात. तसंच अनुबिसचं ‘इनपू’, थॉथचं ‘जेहुती’, होरसचं ‘हेरू’. आपण वापरतो ती ग्रीकांनी वळवलेली रूपं. चित्रलिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे इजिप्तचे उच्चारही अभ्यासकांनी कॉप्टिक (तिथली नंतरची भाषा) वगैरेंच्या आधाराने जुळवलेले. म्हणून एकच नियम: ग्रीक घ्या किंवा मूळ घ्या, एका वाक्यात दोन्ही नको. माझं मत विचाराल तर अनुबिस ठेवा, थॉथचा जेहुती करा. ‘थॉथ’ हा शब्द कुठलाही नट फेकून दाखवू दे.

आणि तो कोल्हाच, इंग्रजी वाचून ‘खोकड’ करू नका. मराठीत कोल्हा म्हणजे जॅकल, खोकड म्हणजे फॉक्स. शाळेतल्या द्राक्षांच्या गोष्टीने हा गोंधळ पक्का केलाय. २०१५ मधल्या जनुकीय अभ्यासाने आफ्रिकेतल्या त्या कोल्ह्याला वेगळी जात ठरवून लांडग्याच्या जवळ नेऊन बसवलं, पण तेवढं सूक्ष्म परीक्षकही विचारणार नाहीत.

तिकीटबारी

सगळं वाचलं. विद्वत्ता मान्य. पण प्रेक्षक म्युझियममध्ये आलेला नाही. त्याच्या डोक्यातला अनुबिस हा २००१ च्या ‘द ममी रिटर्न्स’मधल्या कोल्हेतोंड्या फौजेचा आहे. तो अपेक्षेने आलेला असताना तुम्ही त्याला वजनमापे निरीक्षक दाखवणार? आणि सेथ नसला तर खलनायक कोण? आधुनिक लेखक बदल करतातच ना?

गुंडाळीवाला

करतात, आणि करावेतच. फरक कुठे पडतो ते सांगतो.

२००१ च्याच ‘अमेरिकन गॉड्स’ या कादंबरीत अनुबिस आणि थॉथ अमेरिकेतल्या कैरो नावाच्या गावात अंत्यविधीचं दुकान चालवतात. एक प्रेतं हाताळतो, दुसरा वह्या लिहितो. कपडे, देश, काळ सगळं बदललं, देवाचं काम तसंच राहिलं. म्हणून ते खरं वाटतं. २०२२ च्या ‘मून नाइट’ मालिकेत नावेवर काळीज तोलते ती तावेरेत. ती मुळात बाळंतपणाची राखणदार, पाणघोडीच्या रूपातली, म्हणजे माणूस चुकीचा. पण तराजू स्थिर होत नाही म्हणून नायक अडकतो, हा पेच बरोबर पकडलाय. तिथे हलकं-जड नाही, समतोल आहे. त्याच मालिकेतला खोन्शू मात्र पक्ष्याची कवटी घेऊन फिरतो. देवळांतला खोन्सू हा बाजूला बट सोडलेला तरुण, नाही तर ससाण्याच्या डोक्याचा, वर चंद्र. ती कवटी मार्व्हल कंपनीच्या चित्रकथांची आहे. देव कुणाच्या मालकीचे नाहीत, पण ते रूप आहे, तेव्हा पोस्टरवरही उचलू नका. फौजेचा अनुबिस याच्या उलट: तोंड तेच ठेवलं आणि काम काढून घेतलं. मग उरतो नुसता कुत्र्याच्या तोंडाचा शिपाई.

सेथबद्दल. तो ओसायरिसचा खुनी हे खरं. पण तोच रोज रात्री सूर्याच्या नावेच्या टोकाशी उभा राहून अपेप सापाला भाला मारतो. दुसऱ्या रामसेस राजाच्या बापाचं नाव सेती, म्हणजे सेथचा. खलनायकाचं नाव कुणी पोराला ठेवत नाही.

आणि खरंच सेथ हवा असेल तर त्याची जागा तोलण्याच्या प्रवेशात नाही, वेगळ्या एकांकिकेत आहे. विसाव्या राजवंशातल्या एका पपायरसमध्ये होरस आणि सेथ यांचा वारसाहक्काचा खटला आहे. ऐंशी वर्षं चाललेला. (शिवाजीनगर कोर्टात चकरा मारणाऱ्यांना हा आकडा पुराणातला वाटणार नाही.) न्यायाधीश रुसून आडवा होतो. असेत नावाड्याला सोन्याची अंगठी देऊन बेटावर शिरते, तरुण बाईचं सोंग घेते आणि सेथच्याच तोंडून सेथविरुद्ध निकाल वदवून घेते. मग दगडी नावांची शर्यत लागते. होरस लाकडाच्या नावेला जिप्सम फासून दगडाची भासवतो, सेथ खरोखर डोंगराचा सुळका तोडून नाव करतो, आणि ती बुडते. हा सरळ वग आहे. गण-गवळणीसकट उभा राहील. पुढच्या वर्षी घ्या.

या वर्षी खलनायक शेठचं काळीज आहे. आणखी कुणी लागत नाही.

कप्पी

तराजूचं राहिलं होतं.

खांब: दोन इंची पीव्हीसी पाइप, साडेपाच फूट, तळाला प्लायचा दोन फुटी चौकोन आणि त्यावर वाळूच्या दोन पिशव्या. दांडी: १२० सेमी, १९ मिमी अॅल्युमिनियमची पोकळ नळी. फिरायला स्केटच्या चाकात असते ती ६०८ नंबरची बेअरिंग. खिळ्यावर फिरवू नका, कुरकुरतं आणि शांततेत तेवढंच ऐकू येतं.

दांडी जिथे फिरते तो बिंदू दांडीच्या मध्यरेषेच्या ८ ते १० मिमी वर घ्या. बिंदू खाली गेला तर दांडी एका बाजूला पडते आणि तिथेच राहते, कितीही समान वजन ठेवा. फार वर नेला तर ती आळशी होते, झुकवायला जोर लागतो. तपासायचं असं: एक टोक हाताने १५ सेमी खाली करून सोडा. तीन-चार हेलकाव्यांत सपाट थांबली पाहिजे.

इशारा: दांडीला, फिरण्याच्या बिंदूपासून १० सेमीवर, मागच्या बाजूने दोन्हीकडे एकेक दोरा बांधा. तिथून पाइपमध्ये आणि पाइपमधून खाली तळाशी. गळाचा ०.४ मिमी नायलॉन. दोरा फक्त ओढता येतो, ढकलता येत नाही, म्हणून दोन लागतात. अंधारात ओळखायला एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन. दोरा २ सेमी ओढला की टोक १२ सेमी खाली जातं, तेवढं शेवटच्या रांगेला पुरतं.

नेहमी फसतं ते इथे. काळीज जड, पीस फोमचं. पारड्यांत १४० ग्रॅमचा फरक असेल तर तो दोऱ्याने पेलायला ८४० ग्रॅमचा ताण सतत धरावा लागतो, कारण तुमचा दोरा १० सेमीवर आणि पारडं ६० सेमीवर. दोन मिनिटांत बोट कापतं, हात थरथरतो आणि सत्याचं पीस भरतनाट्यम करतं. म्हणून पिसाच्या पारड्याखाली लोखंडी वायसर चिकटवून दोन्ही बाजू आधीच तंतोतंत सारख्या करा. मग दोऱ्याला नुसतं सुचवायचं काम उरतं. पारड्यांना चार नाही, तीनच दोऱ्या. तीनवर ती आपोआप सपाट बसतात.

दोरा ओढणार कोण? हुनेफरच्या गुंडाळीत अम्मुत तराजूपाशीच बसलीय, टपून. तुमचीही तळाशी बसवा, दोरे तिच्या हातात. तिला संवाद नाहीत, सगळं लक्ष तराजूवर, अगदी नैसर्गिक. बाजूचा दिवा पडला तर नायलॉन चमकतो, दिसणाऱ्या भागावर काळा मार्कर फिरवा.

पीस शहामृगाचं, उभं, टोक एका बाजूला वळलेलं. फोमचं कापा, ३० सेमी. मोरपीस लावायचा मोह होईल, लावलंत की कृष्ण आला.

सदाशिवपेठी उच्चार

काळीज लाल बदामाचं करू नका एवढं वरच्या यादीत घाला. गुंडाळ्यांत ते छोट्या मडक्यासारखं काढतात, वर बारीक तोंड, बाजूंना दोन कानोरे. संक्रांतीच्या सुगडाला मातीचे दोन कान चिकटवले की तयार. पारड्यात मडकं आणि समोर धान्याचा व्यापारी, तेव्हा शेठने ते आधी धान्याचं माप समजून हात लावला तर मजा येईल.

विंगेतला

लेखक म्हणतो, हाच पहिला हशा. पण सुगडं ऑगस्टात कुठून आणू?

कप्पी

कुंभारवेशीत बघा. सुगडच हवं असं नाही, मूठभर आकाराचं कुठलंही मडकं चालेल. चार-पाच घ्या, तालमीत एक तरी फुटणारच. आणि पाचही तोलून बघा. हाताने घडवलेल्या मडक्यांत प्रत्येकाचं वजन वेगळं असतं, त्यामुळे मडकं बदललं की पिसाखालचे वायसर पुन्हा जुळवावे लागतील. प्रत्येक मडक्याच्या बुडावर त्याचे वायसर किती ते खडूने लिहून ठेवा.